क्रिकेटच्या जाळीतलं गवत

शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता माझी बायको हिनकलच्या शेडमध्ये, खुर्चीत बसल्या बसल्या गेली. लॅपटॉपवर मीटिंग चालू होती. मीटिंगमधल्या माणसांना वाटलं, तिचा आवाज बंद आहे. त्यांनी वाट पाहिली आणि मग मला फोन केला. मी पोहोचलो तेव्हा घोडी गव्हाणीवर तोंड टेकून उभी होती. त्या दिवशी तिला दुपारचं गवत मिळालं नाही आणि संध्याकाळचंही मिळालं नाही.

घोडी आमच्याकडे कशी आली ते आधी सांगतो. आम्ही पुण्याहून म्हैसूरला आलो ते बायकोच्या नोकरीमुळे. ती सॉफ्टवेअरमध्ये होती. मी इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल झालो आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. घर गोकुलमला. आम्हाला मूल नाही. बायकोची आई आमच्याजवळ असते. शेचाळिसाव्या वर्षी बायको घोड्यावर बसायला शिकली. शहराबाहेर मुलांना घोडेस्वारी शिकवणारी एक शाळा होती, तिथं मुलांच्या रांगेत ही एकटी मोठी असायची. पुढं ती शाळा बंद पडली. तिथले बाकीचे घोडे कुठं कुठं गेले. ही एक तांबूस घोडी तेवढी राहिली. वय वीस, डाव्या डोळ्यानं कमी दिसणारी. ती कुणालाच नको होती. बायकोनं शहराच्या कडेला, हिनकलला, ओळखीच्यांच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याची शेड घातली आणि तिला तिथं आणून बांधलं. लॉकडाउननंतर बायकोचं काम घरून चालायचं, पण घरून म्हणजे हिनकलहून. शेडच्या कोपऱ्यात तिनं टेबल, खुर्ची आणि इंटरनेट बसवून घेतलं होतं.

त्या सगळ्या वर्षांत मी शेडवर फार तर दहा वेळा गेलो असेन. मला घोड्यांची भीती वाटते. तिला ते माहीत होतं आणि तिनं कधी आग्रह केला नाही.

शेडवर रोज सकाळी एक म्हातारे गृहस्थ येतात. त्यांचे पूर्वज राजांच्या घोडदळात नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. त्यांच्या घरात अजून मराठी बोलतात, पण वाक्य मराठीत निघतं आणि कन्नडमध्ये जाऊन पोहोचतं. ते स्वतः आयुष्यभर मोतद्दार होते, म्हणजे घोड्यांची निगा राखणं हेच त्यांचं काम. आता गुडघे गेले आहेत. सकाळी येतात, लीद काढतात, खरारा करतात, पाणी भरतात आणि नऊच्या बसनं परत जातात. माझ्या बायकोला ते अक्का म्हणत. मला सर म्हणतात. मी त्यांना काका म्हणतो.

तेराव्यापर्यंत चाऱ्याचं त्यांनीच पाहिलं. त्यानंतर मी जाऊ लागलो, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. काकांनी सांगितलं होतं तेवढं गवत काट्यावर मोजून गव्हाणीत टाकायचो आणि लांब उभा राहायचो. घोडी घाईघाईनं खायची. मला वाटलं, भूक चांगली आहे.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी काकांचा फोन आला. घोडी आडवी पडली होती. मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती, मागच्या पायानं पोटावर मारत होती. मी पोहोचेपर्यंत काकांनी तिला उठवून चालवायला सुरुवात केली होती. ते लंगडत पुढं आणि ती मान खाली घालून मागं. डॉक्टर आले, इंजेक्शन झालं, नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं. दुपारी तिनं लीद टाकली तेव्हा काकांनी लिदीला हात जोडले.

डॉक्टर शांतपणे बोलणारे आहेत. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं (बायकोच्याच) आणि समजावून सांगितलं. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत राहतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. रानात घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास तोंड हलवत असतो, थोडं थोडं. पोट चार-पाच तास रिकामं राहिलं की आम्ल पोटालाच खाऊ लागतं. मग एकदम ढीग समोर आला की घोडा न चावता गिळतो आणि ते पुढं जाऊन अडकतं. या वयात असा आणखी एक झटका तिला झेपणार नाही. त्यांनी विचारलं, आधी किती वेळा चारा द्यायचात?

मला माहीत नव्हतं. उत्तर माझ्या समोरच्या भिंतीवर होतं. टेबलाच्या वर पुठ्ठ्याचा एक तुकडा खिळ्याला लावलेला होता आणि त्यावर बायकोच्या अक्षरात सहा वेळा लिहिल्या होत्या: सात, साडेनऊ, बारा, तीन, साडेपाच, साडेआठ. तो पुठ्ठा मी पूर्वीही पाहिला होता. त्या तिच्या मीटिंगच्या वेळा असाव्यात असं मी धरून चाललो होतो.

मला सहा वेळा जाणं शक्य नव्हतं. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, दोनदा पडल्या आहेत. त्यांच्यासाठी येणारी बाई सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास थांबते. तेवढ्यातच मला हिनकलला जाऊन यायचं असतं. काकांचे गुडघे तर दिसतच होते. दुसरा मोतद्दार शोधून पाहिला, मिळाला नाही.

डॉक्टर म्हणाले, तलकाडजवळ त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांची शेती आहे, चार घोडे आहेत, ते हिला ठेवून घेतील. दिवसभर माणसं असतात तिथं. मी तीन आठवड्यांनी येतो, ते म्हणाले. तोवर चाऱ्याची काही सोय लागली तर बघू, नाहीतर गाडी बोलावू.

संध्याकाळी मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या खिडकीपाशी बसून होत्या.

"पाठवून द्या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला धड तिच्याजवळ उभं राहता येत नाही."

ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर जाताना वही आणि घड्याळ घेऊन गेलो. का, ते नक्की सांगता येणार नाही. आयुष्यभर नोंदी करण्यात गेलं. काही कळेनासं झालं की मी नोंद करतो. दोन किलो गवत गव्हाणीत टाकलं, वेळ लिहिली आणि खुर्ची ओढून बसलो. अडतीस मिनिटांत गव्हाण रिकामी झाली. संध्याकाळी पुन्हा दोन किलो: चाळीस मिनिटं. म्हणजे दिवसाचे पंधरा-सोळा तास तोंड हलवायचं काम तिला हवं, आणि मी तिला सव्वा तासाचंच देत होतो.

पण त्या दोन वेळी मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. घोडी गवत दातांनी उचलत नाही, वरच्या ओठानं निवडते. तो ओठ बोटासारखा हलतो. जाड काडी बाजूला सारतो, पात्याचं टोक पुढं ओढतो, धूळ लागली तर थांबतो. ढिगातून ती आधी कोवळी पाती काढून घेत होती आणि मग उरलेलं भराभर ओरपत होती. डाव्या बाजूनं माझी सावली पडली की कान मागं जायचे. उजवीकडून गेलो तर नाही. खुर्ची उजवीकडे का ठेवलेली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

नंतर मी वाचायला लागलो. परदेशात लोक घोड्याला गवत बारीक भोकांच्या जाळीच्या पिशवीत भरून देतात, असं वाचनात आलं. भोकातून घोड्याला एका वेळी थोडीच पाती ओढता येतात, त्यामुळं तेच गवत कितीतरी वेळ पुरतं. तशी पिशवी इथं मिळेना. मागवली असती तर डॉक्टरांच्या मुदतीनंतर आली असती. पण कुणीतरी लिहिलं होतं की खेळाच्या मैदानावरची जाळी कापूनही ती शिवता येते. जाळी कापणं आणि शिवणं यातलं दुसरं मला येतं. कॉलेजात पुस्तकं खिळखिळी व्हायची आणि बाइंडर वर्षातून एकदा यायचा, म्हणून त्याच्याकडून मी जुजबंदी शिकून घेतली होती. फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, दोऱ्यानं एकमेकांत ओवून शिवायचे, म्हणजे पुस्तक सपाट उघडतं आणि पान सुटत नाही. अजून घरी बसून मी स्वतःची पुस्तकं शिवतो.

कॉलेजचे क्रीडाशिक्षक माझे जुने मित्र. खेळाच्या सामानाच्या खोलीत बाद झालेल्या जाळ्यांचा ढीग पडून होता. ग्रंथालयात बाद पुस्तकं असतात तशाच. मी जाळी मागितली तेव्हा त्यांनी, कुणाला गोलंदाजी करणार आहात, असं विचारलं. घोडीसाठी हवी आहे, मी म्हटलं. मग एकही प्रश्न न विचारता त्यांनी चार प्रकारच्या जाळ्या रिक्षात घालून दिल्या. बायको गेल्यावर लोक माझ्याशी असंच वागत होते.

व्हॉलीबॉलची आणि फुटबॉलची जाळी बघताक्षणी बाद. भोकातून माझा अख्खा हात जात होता, म्हणजे तिचं खूरही गेलं असतं. बॅडमिंटनची जाळी फार बारीक निघाली. मी तिची घडी करून पिशवीसारखी बांधून पाहिली. घोडीनं पाच मिनिटं ओठ फिरवला, काहीच हाती लागेना, तेव्हा पिशवी दातांत धरून हिसडा मारला. पिशवी फाटली, गवत पायाखाली गेलं आणि ती तिथं उभी राहून आरामात खाऊ लागली. उरली क्रिकेटच्या सरावाची जाळी. हिरवी, नायलॉनची. भोक दोन बोटांचं, आणि दोरा असा की माझ्या कात्रीची धार गेली.

ती मी बादलीत तीन पाण्यांनी धुतली. कबुतरांनी तिच्यावर बरीच वर्षं काढली होती. गोकुलमच्या घरी जेवणाच्या टेबलावर पसरून कापली, दुमडली आणि दोन्ही कडा जुजबंदीच्या दोऱ्यानं शिवल्या. माझ्या सवयीप्रमाणे दोरा आधी मेणावरून ओढून घेतला. मेण लावलं की दोरा फुगत नाही आणि गाठ घट्ट बसते. तोंडाशी नाडी ओवली. सासूबाई त्यांच्या खुर्चीतून बघत होत्या.

सकाळी काकांनी पिशवी हातात घेऊन उलटसुलट केली.

"सर, घोडीला बॅटिंग शिकवताय?"

"गवत हळू खाईल."

"आगल्ला सर. ही घोडी आहे. मासे धरतात तसं गवत धरताय तुम्ही." आगल्ला म्हणजे जमायचं नाही. पण टांगायची कुठं आणि किती उंच, हे त्यांनीच ठरवलं. तिच्या छातीच्या उंचीला. रिकामी होऊन लोंबली तरी पाय अडकता कामा नये, आणि वरही नको, कारण मग कचरा डोळ्यात जातो. तिला एकच डोळा धड आहे सर, ते म्हणाले.

पहिल्या दिवशी दोन किलो गवताला एक तास पन्नास मिनिटं लागली. मी वहीत ते दोनदा लिहिलं. घोडी एका भोकातून पात्याचं टोक पकडायची, मान तिरकी करून ओढायची, चावायची आणि मग दुसरं भोक शोधायची. चावताना डोळा अर्धा मिटायची. पिशवी हलते आहे हे कळल्यावर तिनं ती भिंतीला दाबून धरायचा प्रकार शोधून काढला. हे कुणीच शिकवलं नव्हतं. मी वेळेवर निघण्याऐवजी तिथंच बसून राहिलो. सासूबाईंच्या बाईंनी फोन केला तेव्हा उठलो.

चौथ्या दिवशी सकाळी पिशवीची एक बाजू वरपासून खालपर्यंत उघडी होती. जाळी कुठंच तुटलेली नव्हती, फक्त माझी शिवण गेली होती. दोऱ्याचे तुकडे पेंढ्यात पडले होते. काकांनी एक तुकडा उचलला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं.

"मेण लावलंत?"

लावलं होतं. कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, मधवाल्याकडून आणलेलं, गाळलं तरी मधाचा वास न जाणारं. पुस्तकांना तो वास चालतो.

काका हसले नाहीत. "घोडीला गोड लागतं सर. तिनं गवत सोडून दोरा चाटला असणार, मग चावला. पोटात गेला असेल तर अवघड आहे."

मी एक बाजू शिवायला किती दोरा घेतला होता ते मला ठाऊक होतं; जुजबंदीत दोरा मोजूनच घेतात. पेंढ्यातले सगळे तुकडे गोळा करून टेबलावर एकापुढं एक मांडले आणि मोजले. एक वीत कमी भरला. पुन्हा पेंढा चाळला, गव्हाण पुसली. वीतभर दोरा कुठंच नव्हता.

डॉक्टर फोनवर म्हणाले, एवढासा असेल तर बहुधा निघून जाईल. लीद बघत राहा, आणि ती पोटाकडे बघायला लागली तर लगेच कळवा. दोन दिवस मी प्रत्येक लीद काठीनं फोडून पाहिली. ज्या घोडीला वाचवायचं तिच्याच पोटात मी दोरा घातला होता, आणि तोही उत्तम शिवला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकांना फोन करून सांगितलं की हे माझ्या हातून व्हायचं नाही; मी तलकाडला जाऊन जागा बघून येतो.

"जावा," ते म्हणाले. मग पुढं म्हणाले, "जाताना एक काचेची बाटली घेऊन जावा." आणि ती कशासाठी ते सांगितलं.

तलकाडला मी पूर्वी एकदा बायकोबरोबर गेलो होतो. वाळूखाली गेलेली आणि उकरून काढलेली देवळं बघून आम्ही परतलो, तरी पुढं दोन आठवडे माझ्या पिशवीतल्या पुस्तकातून वाळू पडत होती. पानं जिथं शिवलेली असतात त्या खाचेत ती जाऊन बसली होती. या वेळी सासूबाईंच्या बाईंना त्या एका दिवसापुरतं थांबायला सांगितलं आणि मुरंब्याची रिकामी बाटली घेऊन बसनं गेलो.

शेती कावेरीच्या कडेला होती. मालक माझ्यापेक्षा लहान, मोकळे आणि अगत्याचे. त्यांचे चारही घोडे अंगानं भरलेले होते. सावली होती, पाणी होतं, गवताचा साठा होता. गवत जमिनीवर टाकलेलं होतं. मी वाकून एक मूठ उचलली. पात्यांमध्ये वाळूचे कण चमकत होते. मी त्यांना कसनुसं होऊन विचारलं की तुमच्या घोड्याची थोडी लीद मिळेल का. त्यांना ते विचित्र वाटलं असणार, पण त्यांनी स्वतःच आणून दिली. बाटलीत अर्धी लीद, वर पाणी, झाकण लावून खूप हलवलं आणि दगडावर ठेवलं. आम्ही दोघं उकिडवे बसून बघू लागलो. आधी सगळं पाणी गढूळ हिरवं. मग काड्या वर तरंगल्या. मग तळाशी एक रेघ दिसू लागली आणि ती जाड होत गेली. पंधरा मिनिटांनी तळाला अर्ध्या पेरापेक्षा जास्त वाळू बसली होती.

मालकांनी बाटली उचलून उन्हात धरली. दर उन्हाळ्यात एखाद्या तरी घोड्याचं पोट दुखतं, ते म्हणाले. आम्हाला वाटायचं पाण्यामुळं. मग त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे गवत कसं देता? मी त्यांना जाळीबद्दल सांगितलं, आणि मेणाबद्दलही सांगितलं. मेणाचं ऐकून ते पहिल्यांदा हसले.

परतीच्या बसमध्ये मला वाईट वाटायला हवं होतं, कारण वाळूमुळं तोही पर्याय गेला होता. माझ्या डोक्यात मात्र सारखं एकच येत होतं: मेण नको, दोराच नको, मग शिवायचं कशानं?

हिनकलला उतरलो तेव्हा काका अजून शेडवर होते. त्या दिवशी ते नऊच्या बसनं गेले नव्हते. त्यांनी कागदाची पुडी उघडून दाखवली. आत वीतभर दोरा होता, धुऊन पुसलेला.

"तुमचं पुस्तक मिळालं," ते म्हणाले.

घरी गेल्यावर मी जाळीच्या उरलेल्या तुकड्यासमोर बसलो. उत्तर तसं सोपं होतं. जाळी ज्या दोऱ्याची होती त्याच दोऱ्यानं तिच्या कडा विणायच्या. तो दोरा घोडीला तोडता आला नव्हता आणि त्याला कसलाच वास नव्हता. फक्त जाळीच्या गाठी सोडवून तो मोकळा करायला हवा होता, आणि त्या गाठी उन्हापावसात दगडासारख्या झाल्या होत्या. तासाभरात माझ्या चार गाठी सुटल्या.

"इकडे द्या," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी केसांतला आकडा काढला, त्याचं टोक गाठीत घातलं, जरा फिरवलं आणि दोरा ओढला. गाठ सुटली. तुकडा मांडीवर घेऊन त्या पुढच्या गाठीकडे वळल्या.

"लहानपणी तिच्या केसांत असाच गुंता व्हायचा," त्या म्हणाल्या. "ओढलं की रडायची. मग ही युक्ती."

तीन दुपारी त्यांनी ते काम केलं. मी विणत गेलो, प्रत्येक भोकातून एकदा, आणि दर चौथ्या भोकाला गाठ. दुसरी पिशवी झाल्यावर मला सुचलं की एका पिशवीत दुसरी घातली तर दोन जाळ्यांची भोकं एकमेकांवर सरकतील आणि वाट आणखी अरुंद होईल. काकांना ते अजिबात पटलं नाही.

"एक स्वेटर पुरत नाही म्हणून दोन?"

दोन किलो, दुहेरी जाळी, तीन तास वीस मिनिटं. घोडी चिडली नाही, पिशवी हिसडली नाही. एक जाळी ओठानं सरकवून ती दुसऱ्या जाळीच्या भोकाशी जुळवून घेत होती. काका बादली पालथी घालून माझ्याशेजारी बसले आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या आजोबांनी सांगितलेली एक गोष्ट त्यांना आठवली: लांबच्या मजलीवर घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधायचे, म्हणजे हरभऱ्याची पिशवी, पण गवताला पिशवी शिवलेली त्यांनी सात पिढ्यांत ऐकली नव्हती. "अक्कांना आवडलं असतं," ते म्हणाले. मग उठून बादली भरायला गेले.

तीन आठवडे झाले आणि डॉक्टर आले. त्यांनी तिच्या पोटाला दोन्हीकडून स्टेथोस्कोप लावून ऐकलं, हिरड्या पाहिल्या, लीद पायानं फोडून पाहिली. मी वही पुढं केली. ती त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. मग जाळ्या हातात घेतल्या, दुहेरी केल्या आणि भोकांत बोटं घालून बघितली.

काकांचा खरारा एकाच जागी फिरत होता.

"गाडी बोलावत नाही," डॉक्टर म्हणाले. "तलकाडला या जाळ्या कोण शिवून देणार, ते सांगा."

त्याही मीच शिवून दिल्या. चार घोड्यांसाठी आठ पिशव्या लागल्या; क्रीडाशिक्षकांकडची उरलेली जाळी त्यातच संपली. गाठी सासूबाईंनी सोडवल्या. पिशव्या पोहोचवायला गेलो तेव्हा मुरंब्याची तीच बाटली मालकांच्या खिडकीत धुऊन ठेवलेली दिसली. महिन्यातून एकदा ते तिच्यात लीद आणि पाणी घालून बघतात.

घोडीच्या जवळ जायला मला अजून भीती वाटते. मी उजवीकडून जातो, पिशव्या अडकवतो आणि खुर्चीत बसतो. सकाळी दोन दुहेरी पिशव्या दोन खांबांना, संध्याकाळी पुन्हा दोन. त्यानंतर पोटाचा झटका आलेला नाही.

लॅपटॉप ऑफिसनं परत नेला. टेबल, खुर्ची आणि पुठ्ठा तिथंच आहे. पुठ्ठ्यावरच्या सहा वेळांपैकी दोन वेळा मी असतो आणि उरलेल्या चार वेळा जाळी असते.